काटोलचा गाण्याचा मांडव आणि पिशवीतले ग्रंथ

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर काटोल लागते. सडकेने गेल्यास अंतर सुमारे ६० किलोमीटर. संत्र्यांचा तालुका म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. गाण्याच्या शौकिनांना मात्र या मुलखाची दुसरी ओळख आहे. ढोलकी-टाळांवर उभ्याने रंगणारी खडी गंमत, भजनी मंडळे आणि भीमगीते. भीमजयंतीच्या दिवसांत अशाच एका रात्रीच्या कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब गेलो.

सोबत मुलीने पहिल्या पगारातून घेतलेला ई-रीडर होता. पाटीसारखा, पण वहीपेक्षा हलका. त्याच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केला की तो आठवडे चालतो. एप्रिलच्या उन्हात, एसटीच्या खिडकीशीही अक्षर स्वच्छ दिसले.

त्यात आम्ही बाबासाहेबांचे खंड भरून नेले होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले हे खंड आता इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी भाषणांच्या १८ व्या खंडाचे तीन भाग घरी कपाट अडवतात, ते पिशवीच्या कप्प्यात मावले! पण खरे सांगायचे तर वाचताना दमछाक झाली. ही पाने म्हणजे छापील पानांची छायाचित्रे. अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर पळते. यंत्र आडवे धरले की कसेबसे निभावते. तेव्हा दीक्षाभूमीवरून पुस्तके विकत आणणाऱ्यांनी ती सवय मोडू नये, असे आमचे मत झाले.

रात्री मांडवात आयाबाया लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी सुरू झाली की अर्धा मांडव गाऊ लागे. दादा स्वतः मोठेपणी अक्षर शिकले, आणि त्यांची गाणी अक्षर न येणाऱ्यांनीही तोंडपाठ केली. त्यानंतर एका वृद्ध शाहिरांनी स्वतः रचलेली गाणी म्हटली. समोरच्या वहीला पुठ्ठा नव्हता, कोपरे वाळवीने खाल्लेले, पेन्सिलीचे अक्षर पुसत आलेले. ही गाणी कधी छापली गेली नाहीत. आमच्या यंत्रात हजारावर पुस्तके मावतात, पण या वहीतली एक ओळही त्यात नव्हती.

विश्रांतीच्या वेळी मुलीने विचारले, “आजोबा, मी उतरवून घेऊ?”

“घे माय. पण आंधी आयक. चाल नाही आली तं लिहेलं काय कामाचं?”

तिने ऐकत ऐकत चार गाणी मोबाईलवर टाइप केली आणि ई-रीडरमध्ये पाठवली. ही छायाचित्रे नव्हती, त्यामुळे अक्षर हवे तेवढे मोठे झाले. शाहिरांनी चष्मा काढून ठेवला आणि यंत्र हातात घेऊन गायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला अंगठा लागून पान उलटले. कोरसवाल्यांनी पान परत येईपर्यंत ध्रुवपद धरून ठेवले. मांडव हसला, शाहीरही हसले.

वहीत अजून साठेक गाणी आहेत. येत्या रविवारी मुलगी पुन्हा काटोलला जाणार आहे. या वेळी चालीही ध्वनिमुद्रित करायच्या, असे शाहिरांनीच बजावले आहे.