नव्वद दिवसांची आजी

१ मार्च २०२४. माझ्या लग्नाची तारीख नवरा कधीकधी विसरतो, पण ही तारीख आमच्या घरात कुणी विसरत नाही. जर्मनीत नोकरी करण्याचा परवाना ज्यांना या दिवशी किंवा यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांना आपल्या आईवडिलांना इथे राहायला आणता येतं. त्याआधी मिळाला असेल तर नाही. आमचा २०२१ चा आहे.

मी सिंदेवाही तालुक्यातली. चंद्रपूरच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजातून पुण्याला नोकरी, तिथे लग्न, मग नवऱ्याला स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम लागलं. मागोमाग मीही आले, कडेवर सहा महिन्यांची पोर घेऊन. पहिला हिवाळा कसा गेला ते सगळे सांगतात तसंच, त्यात नवीन काही नाही.

इथे मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळणं हा २०१३ पासून कायद्यानं हक्क आहे. प्रत्यक्षात नावनोंदणी करून बसून राहायचं. आम्हाला शेवटी जागा मिळाली ती जंगलातल्या बालवाडीत. म्हणजे खरोखरच जंगलात. एक लाकडी खोली, बाकी झाडं. पाऊस असो की बर्फ, पोरं रबरी विजारी घालून दिवसभर बाहेर. अधूनमधून साडेदहाला फोन येतो, शिक्षिका आजारी आहेत, मुलीला घेऊन जा.

मार्च २०२५ मध्ये धाकटा झाला आणि एप्रिलच्या शेवटी आई आली. तिच्या व्हिसासाठी आमच्या पगाराच्या पावत्या, खर्चाची हमी, तीस हजार युरोंचा प्रवास विमा आणि तिचा सातबारा. ती परत जाईल याचा पुरावा हवा म्हणून तो सातबारा. हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘घर, बांध्या, म्हैस सोडून मी कायले राहू तिकडं?’

आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं बाळाला ओव्याची धुरी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा केकाटला की वरच्या मजल्यावरचे आजोबा चपलाही न घालता खाली आले. घरी येऊन बाळ-बाळंतीण तपासणारी सुईण इथे विम्यातूनच मिळते. तिचं आणि आईचं मात्र छान जमलं. एक जर्मन बोलायची, एक झाडीबोली, आणि बाळाच्या पोटावरून हात फिरवताना दोघी माना डोलवायच्या.

मोठीला सोडायला पहिल्यांदा माझ्यासोबत आली तेव्हा आई जंगलाच्या कडेला थांबली. झाडांकडे पाहिलंच नाही तिनं. आधी वाटेवरची ओली माती पाहिली, मग झुडपांच्या बुडाशी. ‘इथं का फिरते?’ मी म्हटलं काही नाही, फार तर रानडुकरं. तेवढ्यात शिक्षिकेनं एक कागद हातात दिला. रोज संध्याकाळी मुलांच्या अंगावर गोचीड पाहा, या भागात गोचिडामुळे मेंदूला सूज येणारा आजार होतो, त्याची लस घेऊन ठेवा. मी तिला वाचून दाखवलं.

‘गोचिडाले भेतेत?’ आई एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. पण संध्याकाळी मोबाइलचा उजेड पाडून कानामागं, काखेत, गुडघ्याच्या मागं तिनंच पाहिलं, आणि पुढं रोज पाहिलं. मी इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नव्हतं.

१० मे ला गावाकडून फोन आला. आमच्याच तालुक्यात मेंढामालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीनं मारल्या, एकाच दिवशी. रात्रभर आई फोनवर होती. सोमवारी ती मोठीला सोडायला गेली आणि परत आलीच नाही. दुपारी सुट्टी होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिली. शिक्षिकांना काय वाटलं कोण जाणे. वाघ नाही हे तिलाही माहीत होतं.

आता त्या तारखेबद्दल. या देशानं मला पोरांसाठी पुष्कळ दिलं आहे, नाकारत नाही. २०२५ मध्ये दर पोरामागं महिन्याला २५५ युरो यायचे. नोकरी न जाता तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते. पण यांच्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. आजी म्हणजे पर्यटक. १८० दिवसांत ९० दिवस, मग ती कोलोनचं चर्च बघायला आलेली असो की लेकीचं बाळंतपण करायला. २०२४ मध्ये सवलत दिली तीही माया आली म्हणून नाही. कामाला माणसं कमी पडली आणि नव्या लोकांना ओढायचं होतं. आम्हाला ओढायची गरजच काय, आम्ही तर येऊन बसलेलो. कर आम्ही आधीपासून भरतोय, त्यांची भाषा आधीपासून शिकतोय, म्हणून आमच्या आया बाहेर. हा कुठला हिशोब?

आमच्याच इमारतीत नागपूरची एक जण आहे. तिच्या नवऱ्याचा परवाना २०२४ च्या उन्हाळ्यातला, म्हणजे तारखेच्या या बाजूचा. तिची सासू तरीही नागपुरातच. कारण आरोग्य विमा दाखवावा लागतो, पंचावन्नच्या पुढच्या नव्या माणसाला सरकारी विमा घेत नाही आणि खासगीवाले जो हप्ता सांगतात तो ऐकून नवरा-बायको दोघं गप्प बसले. तिनं हे मला रडवेली होऊन सांगितलं आणि मला आतून थोडं बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

२०२४ मध्येच महाराष्ट्र सरकारनं आम्ही राहतो त्याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आमच्याकडची पोरं फोन करून विचारतात, पगार किती, भाषा किती अवघड. भाषा येते रे. घरी म्हातारं कोण आहे, त्यांचं वय किती, त्यांच्या विम्याचं काय, हे आधी विचारा. हे कुणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं.

आणि तरी खरं सांगायचं तर जूनच्या मध्यावर मलाच वाटायला लागलं की आता हिनं जावं. तीस अंशांत बाळाला टोपरं. मोठीला वेगळ्या खोलीत का निजवता यावरून रोज वाद. मी खिडकी उघडायची, ती लावायची. तीही कंटाळली होती. संध्याकाळी गॅलरीत बसून खालच्या गाड्या पाहायची. ‘माणूस दिसत नाही बाई इथं.’ गावाकडं पाऊस लागला तशी तिची फोनवर एकच चौकशी, धानाचे पऱ्हे केवढे झाले, रोवणीला बाया मिळाल्या का. जुलैअखेर ती परतली तेव्हा अर्धी रोवणी तिच्याविना झाली होती, आणि याचा राग तिनं विमानतळावर माझ्यावरच काढला.

ती गेल्यावर आठवडाभर मोठी झोपताना कानामागं हात लावून दाखवायची आणि मी ‘झोप गं’ म्हणून दिवा बंद करायची.

परवा मी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. २०२१ वाल्यांसाठी काही अपवाद आहे का, असल्यास कोणती कागदपत्रं. अपवाद नाही हे मला ठाऊक आहे, कायदा मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा वाचला असेल. पत्र टाकून आईला फोन केला.

‘माह्या नावानं कायले लिहिते? म्हैस व्यायची आहे.’

म्हटलं, व्याली की सांग.