पुआसा

आमच्या घरी उपवास म्हणजे खाण्याचा दिवस. आजीच्या एकादशीसाठी आदल्या रात्री साबुदाणा भिजायचा, सकाळी दाण्याचं कूट व्हायचं, रताळ्याच्या कापांवर गूळ विरघळायचा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणत आजोबाच दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचे.

नोकरीनिमित्त इंडोनेशियातल्या बांडुंगला गेले आणि रमजानात शेजारच्या इबूंनी, म्हणजे बाईंनी, विचारलं, “पुआसा?” हा आपलाच उपवास. पुढचा ‘उ’ गळाला, ‘व’ जिभेवर विरघळला. रोज्यासाठी अरबी ‘सौम’ तिथेही ठाऊक आहे. पण इस्लाम पोचला तेव्हा पुआसा लोकांच्या तोंडी आधीच बसला होता. धर्म बदलला, शब्द राहिला. बालीतल्या हिंदूंच्या शिवरात्रीत मात्र जागर आणि मौनाबरोबर ‘उपावासा’ असतो, अक्षर न अक्षर शाबूत. पोथीतला शब्द तसाच राहिला, बाजारातला झिजला. मला झिजलेलाच जास्त आवडतो.

तो कुठेही भेटतो. रक्त तपासायला गेले तर चिठ्ठीवर ‘गुला दाराह पुआसा’, म्हणजे उपाशीपोटीची रक्तातली साखर. त्यातला ‘गुला’ही आपल्या गुळाचाच भाऊबंद.

सूर्यास्ताच्या मगरिब नमाजाआधी रस्त्याकडेला टेबलं लागायची. प्लास्टिकच्या पेल्यांत नारळाचं दूध, काळसर पातळ गूळ, रताळ्याचे मऊ गोळे आणि लालचुटूक साबुदाणा. अगदी आजीचंच फराळाचं सामान! साबुदाण्यातला ‘साबु’ मुळात तिकडचा, मलय भाषेतला ‘सागू’. मोलुक्का-पापुआकडे सागूच्या झाडाच्या खोडातल्या गाभ्याचं पीठ काढतात. आपला साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून होतो, नाव तेवढं सागूचं. आपण त्यांना उपवास दिला, असं म्हणायचा मोह होतो खरा, पण शब्द कुणी देत नसतं. त्यांना हवा होता, त्यांनी घेतला. आपणही साबुदाणा तसाच घेतला.

इबूंना मी एकादशी समजावून सांगत होते. त्या पहाटे सहुरचं जेवण करून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या.

“पाणी चालतं?”

“चालतं.”

“चहा?”

“चालतो.”

“बटाटा?”

“तोही.”

“मग चालत नाही ते काय?”

“भात.”

इबूंचा चेहरा उतरला. भात पोटात गेला नाही तर जेवणच झालं नाही, असं मानणारी ती माणसं.

“दिवसभर भात नाही? अवघड आहे हो तुमचा पुआसा!”