एकोणसाठ म्हणजे किती?

लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडवणाऱ्या माणसाला दोन अंकी संख्या कळत नाही, असं कुणी सांगितलं तर हसाल ना? मग हसून घ्या. तो माणूस म्हणजे अस्मादिक!

डिसेंबरच्या सुट्टीत मी एका संस्थेत महिनाभर इंटर्नशिप केली. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी ही संस्था वर्ग चालवते. माझं काम सोपं होतं. हजेरीच्या वह्या एक्सेलमध्ये भरायच्या, सर्टिफिकेट घ्यायचं आणि परत यायचं. पण चौथ्याच दिवशी तिथल्या ताई आजारी पडल्या. सर म्हणाले, "वर्ग तू सांभाळ. इंजिनिअर आहेस, गणित तर शिकवशील?"

ताडपत्रीखाली सतरा मुलं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर यायचं आणि पावसाळ्याआधी गावी परतायचं, त्यामुळे शाळा अर्धीच. मी झोकात फळ्यावर ५९ लिहिलं आणि म्हणालो, "फिफ्टी नाइन." सगळी गप्प! कॉन्व्हेंटमध्ये वाढल्यामुळे मराठी आकडे मला तिशीपुढे कधी धड आलेच नाहीत.

खरी फजिती पुढेच होती. विटांची मजुरी हजारावर मिळते आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून कापली जाते. एका मुलीची आई आठवड्याचा हिशोब घेऊन आली. "दादा, एकोणसाठशे झाल्या. कागदावर लिहून दे." 'एकोण' म्हणजे नऊ, पुढे साठ, असं जुळवून मी ऐटीत ६९०० लिहून दिलं. संध्याकाळी मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, "हजार विटा जास्तीच्या कुठून आणल्यास गं?" बाई खरं बोलली होती, माझ्या कागदाने तिला खोटं पाडलं. मी धावत जाऊन चूक कबूल केली, आकडा दुरुस्त झाला. पण तिचा उतरलेला चेहरा रात्रभर डोळ्यांसमोरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीने दहा-दहा विटांच्या सहा थप्प्या रचल्या आणि एक वीट काढून घेतली. "साठाला एक कमी, एकोणसाठ. समजलं का दादा?" त्या तासाला शिक्षक कोण होतं, हे सांगायला नकोच.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी नववीत होतो, विनोद ऐकून पोट धरून हसलो होतो. जोडाक्षरांचे आकडे मुलांना जड जातात, हे गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं मला या ताडपत्रीखाली कळलं. पण भट्टीवरचा हिशोब एकोणसाठातच होतो. म्हणून आम्ही दोन्ही धरलं. फळ्यावर लिहिताना 'पन्नास नऊ', बोलताना 'एकोणसाठ'. लिहायला मी शिकवायचं, बोलायला त्यांनी.

शेवटच्या शनिवारी त्या मुलीने आईचा हिशोब स्वतः लिहिला. बासष्टशे, ६२००. मुकादमाने कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता वहीत आकडा चढवला. आईने माझ्याकडे बघितलं आणि हसली. एम-थ्रीत पास झालो तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

माझी एक्सेल फाईल अर्धीच राहिली. सर्टिफिकेटवर मात्र 'डेटा एन्ट्री' असंच छापलंय. असो!

परवा मेसचे काका म्हणाले, "तुझे एकोणऐंशी रुपये बाकी आहेत." मी मनात आठ थप्प्या रचल्या, एक वीट काढली आणि बरोब्बर पैसे दिले.