कबनूरची पहाट आणि पन्नाशीनंतरची धाव

कबनूरला पहाट पक्ष्यांच्या आवाजाने होत नाही. ती होते मागांच्या खडखडाटात. किंबहुना तो खडखडाट रात्रभर चालूच असतो. पहाटे इतर आवाज निमालेले असल्याने तो अधिक स्पष्ट ऐकू येतो, एवढेच. पत्र्याच्या शेडांतून पिवळा उजेड रस्त्यावर सांडलेला असतो, दाराशी कापसाची तूस भुरभुरत असते आणि रात्रपाळीचा एखादा कामगार चहाच्या गाड्यासमोर डोळे चोळत उभा असतो. इचलकरंजीला खेटून असलेल्या, हातकणंगले तालुक्यातील या गावाला जनगणनेने कधीच शहरांच्या यादीत घातले आहे. पण गावाचे मन अजून अर्धे शेतात आणि अर्धे मागाच्या शेडमध्ये आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग उभा केला. त्या एका मागाची वंशवेल पसरत पसरत शेजारच्या गावांच्या गल्लीबोळांत शिरली आणि कबनूरही त्यात विणले गेले.

याच पहाटेच्या रस्त्यावर आता आणखी एक आकृती दिसू लागली आहे. वय पन्नास-पंचावन्न, डोक्यावर टोपी, पायांत नवे बूट, आणि चालीत थोडा संकोच. ही मंडळी बहुधा सूताच्या, कापडाच्या किंवा किराण्याच्या व्यवहारातील असतात. गादीवर मांडी घालून तीस वर्षे गेलेली असतात. सायझिंगचे हिशेब, बीमांची आवक-जावक, उधारीच्या तारखा यांत शरीराकडे पाहायला सवड झालेली नसते. मग एक दिवस रक्ततपासणीचा कागद हाती येतो. साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला. घरात वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या अवेळी जाण्याची आठवण ताजी. डॉक्टर चालायला सांगतात. चालता चालता कोणी चार पावले धावून पाहतो, आणि पाठीमागून येणारा दूधवाला विचारतो, ‘अण्णा, काय गाडी चुकली काय?’

हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. आपल्या व्यापारी घरांत धावणे हे मुलांचे आणि नोकरांचे काम मानले गेले. शेठजी धावत नाहीत. शेठजी बसून असतात. बसण्याला प्रतिष्ठा आहे, पेढीलाही ‘गादी’ म्हणतात. त्या गादीवरून उठून भर रस्त्यात घाम गाळणे म्हणजे व्यवहारात काही गडबड आहे की काय, अशी शंका घेणारेही भेटतात. स्त्रियांची अडचण तर याहून मोठी. पहाटे एकटीने घराबाहेर पडायचे, तेही धावण्यासाठी, आणि कोणत्या वेषात, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता सकाळचे सात वाजतात आणि स्वयंपाकघर हाक मारते.

त्यातील वेषाच्या प्रश्नाला बारामतीच्या लता भगवान करे यांनी जे उत्तर दिले, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोलमजुरी करणारी ही साठी उलटलेली बाई. पती आजारी, तपासणीला पैसे नाहीत. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत आहे आणि तिला बक्षीस आहे, एवढे कानावर आले. त्या नऊवारी लुगड्यात उभ्या राहिल्या, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. तीन किलोमीटर हे लांब अंतर नव्हे, असे कोणी म्हणेल. अंतर किलोमीटरात मोजले तर ते खरे आहे.

दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव भागाला लांब पल्ल्याच्या धावेचे वावडे कधीच नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतील शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला धाडण्याची कल्पना त्यांच्या मनात आली. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि दोन तास पन्नास मिनिटांच्या घरात वेळ देऊन एकोणिसावे आले. आज बूट, घड्याळे आणि पेये यांच्या जाहिरातींनी डोळे दिपणाऱ्यांनी हे एकदा आठवावे. अर्थात चौगुले तेव्हा ऐन तारुण्यात होते. पन्नाशीच्या व्यापाऱ्याने त्यांच्यासारखे अनवाणी धावून पाहू नये. तळव्यांना आणि टाचांना ती सवय बालपणापासून असावी लागते.

त्याच 1920 साली आपल्या भागातील आणखी एका पुरुषाच्या पायांनी वेगळी वाट धरली. भोज गावचे सातगोंडा पाटील यांचा जन्म 1872 चा. मुनिदीक्षेनंतर ते आचार्य शांतिसागर झाले. दीक्षेच्या वेळी वय अठ्ठेचाळीस. 1927 साली, पंचावन्नाव्या वर्षी, ते नागपूरमार्गे सम्मेदशिखरजीकडे निघाले आणि त्यानंतरची काही वर्षे उत्तर भारतात अनवाणी विहार करीत राहिले. वाहन नाही, पादत्राण नाही, दिवसातून एकदाच आहार आणि पाणी. मुनींचा विहार आणि गृहस्थाची धाव यांची तुलना करणे योग्य नाही. हेतू निराळा, व्रत निराळे. ईर्यासमिती तर चार हात जमीन निरखीत, जीव राखीत, सूर्यप्रकाशातच चालायला सांगते. ती धावण्याच्या नेमकी उलट आहे. परंतु पन्नाशीनंतर माणसाचे पाय निवृत्त होतात, ही समजूत या भागातील श्रावकाने तरी कशी धरावी, हा प्रश्न उरतोच.

वयाचा विषय निघाला की फौजासिंग यांचे नाव येते. जालंधरजवळच्या ब्यास पिंडचा हा शेतकरी पत्नी आणि मुलगा गेल्यानंतरच्या दुःखात, इंग्लंडला दुसऱ्या मुलाकडे राहत असताना, उतारवयात धावू लागला. 2000 साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, ते लंडनची पूर्ण मॅरेथॉन धावले. 2011 मध्ये टोरंटोला शंभराव्या वर्षी त्यांनी बेचाळीस किलोमीटर आठ तासांहून थोड्या अधिक वेळात पुरे केले. जन्माचा दाखला नसल्याने विक्रमाच्या पुस्तकाने नोंद घेतली नाही. त्यांच्या पायांना त्याने काही फरक पडला नाही. ते शाकाहारी होते, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे. आणि 2025 च्या जुलैमध्ये, आपल्याच गावाजवळच्या रस्त्यावर, वाहनाची धडक बसून ते गेले, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

कारण कबनूरच्या रस्त्याची खरी भीती तीच आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की परिसरातील साखर कारखान्यांकडे ट्रॅक्टर निघतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकेल इतका ऊस. पुष्कळ ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. चालक रात्रभर जागा. रस्त्याच्या कडेला पडलेली उसाची कांडी आणि पाचट अंधारात दिसत नाही आणि पाय मुरगळतो. थंडीचे हे चार महिने धावण्यासाठी सर्वांत चांगले आणि रस्त्यासाठी सर्वांत वाईट. म्हणून अनुभवी मंडळी उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल अशी धावतात, अंगात फिकट रंगाचा सदरा घालतात आणि कानात गाणी लावीत नाहीत. शेतातून जाणारा गाडीरस्ता किंवा शाळेचे मैदान मिळाले तर त्याहून उत्तम. मैदानाला घिरट्या घालणे कंटाळवाणे असते खरे. तो कंटाळा पत्करावा.

शरीराच्या बाजूने पाहिले तर उशिरा धावू लागणाऱ्याची फसगत एकाच जागी होते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. दम लागणे कमी होते, उत्साह येतो. परंतु स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना महिने लागतात. माणूस दम पाहून अंतर वाढवितो आणि टाचेचा कंडरा बोंब मारतो. पहिले दोन महिने फक्त भरभर चालावे. मग एक मिनिट धाव, तीन मिनिटे चाल, असे करीत जावे. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. आठवड्याचे अंतर मागच्या आठवड्याच्या दशांशाहून अधिक वाढवू नये, हा धावपटूंचा जुना ठोकताळा आहे, आणि पन्नाशीच्या माणसाने तोही सावकाशीने पाळावा. गुडघे झिजतील ही भीती घरोघर सांगितली जाते. निरोगी गुडघ्याने बेताने धावणाऱ्यांचे सांधे न धावणाऱ्यांपेक्षा लवकर झिजतात, असे मात्र आढळलेले नाही. वाढलेले वजन त्यांना अधिक छळते. छातीत दडपण, भोवळ किंवा धडधड जाणवली तर त्या क्षणी थांबावे. सुरुवातीपूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्यावी, ती कारखान्याच्या विम्याइतकीच आवश्यक समजावी.

जैन घरांचा खरा पेच वेळेचा आहे, आणि त्याविषयी धावण्याच्या पुस्तकांत काहीही सापडत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि दोन घटकांचा नियम पाळणाऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी जातो. म्हणजे जवळजवळ चौदा तासांचा निराहार. निरोगी माणूस या स्थितीत तासभर हळू धावू शकतो. शरीरातील साठा तेवढा पुरतो. पण मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने अशा रिकाम्या पोटी धाव घेतली तर साखर एकाएकी उतरते. हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि नियमाच्या आदरापोटी तो खिशातला गूळ तोंडात टाकीत नाही. इथे जिवावर बेतू शकते. यावर मार्ग आहेत. औषधाची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, नियमाविषयी महाराजांशी किंवा घरातील जाणत्यांशी आधीच बोलावे, आणि लांबची धाव रविवारी न्याहारीनंतर तासा-दीड तासाने ठेवावी. ऊन थोडे लागेल, वेग कमी होईल. कबनूरमध्ये वेगाचे बक्षीस कोणी देत नाही.

आहाराची अडचण मात्र लोक समजतात तेवढी नाही. बटाटा, रताळे खा, असे धावपटूंना सांगितले जाते. केळी, खजूर, गूळ, भात आणि ज्वारीची भाकरी तेच काम करतात. डाळी, दूध, शेंगदाणे यांनी प्रथिने भागतात, पण वयाबरोबर त्यांचे प्रमाण जाणीवपूर्वक वाढवावे लागते. ब जीवनसत्त्वाचा बारावा प्रकार शाकाहारात कमी पडतो, तो तपासून घ्यावा. शर्यतीत वाटल्या जाणाऱ्या गोळ्या-चिकींची पाकिटे वाचल्याशिवाय तोंडात टाकू नयेत. काहींत मध असतो, काहींत जिलेटिन. बुटांच्या बाबतीतही चामडे नसलेले सहज मिळतात, दुकानदाराला विचारायचे तेवढे.

शर्यतीची हौस कुणाला झालीच तर सर्वांत जवळचे मोठे नाव साताऱ्याचे. 2012 पासून तिथे हिल मॅरेथॉन होते. साताऱ्यातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढायचे आणि परत यायचे, अंतर एकवीस किलोमीटर. पावसाळ्याच्या अखेरीस घाट हिरवागार असतो, धुके असते, ढोलताशे असतात. पण ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, पर्युषणाच्या आगेमागे. उपवास करणाऱ्याने त्या दिवसांत घाट चढण्याचा हट्ट धरू नये. एकासन किंवा उपवास चालू असताना थोडे चालणे पुरेसे. आणि पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी लांब धाव घेणे हा निव्वळ अविचार. थंडीतल्या शर्यती आपल्या पंचांगाला अधिक मानवतात.

शर्यत नकोच म्हणणाऱ्यांसाठी कबनूरपासून एक वाट आहेच. हातकणंगल्याच्या बाजूने कुंभोजकडे निघाले की पुढे बाहुबलीचा डोंगर येतो. इचलकरंजीच्या मागांचा आवाज हळूहळू मागे पडतो, उसाचे फड सुरू होतात, विहिरीवरच्या मोटारीची घरघर तेवढी उरते. पहिल्या वर्षी ही वाट पुरी धावून जाण्याचे कोणी मनात आणू नये. अर्धी चालावी, अर्धी धावावी, दोघा-तिघांनी मिळून जावे, परतीसाठी घरची गाडी सांगून ठेवावी. पायथ्याशी गुरुकुल आहे. समंतभद्र महाराजांनी लावलेले ते रोप. तिथली मुले सकाळच्या पाठाला निघालेली असतात आणि घामाने निथळलेल्या शेठजींकडे कुतूहलाने पाहतात. वर अठ्ठावीस फूट उंचीची संगमरवरी मूर्ती, खड्गासनात, निश्चल.

पायऱ्यांपाशी आल्यावर बूट काढावे लागतात. मोजे त्यात कोंबून, लेस बांधलेली जोडी कट्ट्याखाली सरकवायची, नळावर पाय धुवायचे. पोटऱ्या भरून आलेल्या असतात, पहिल्या दहा पायऱ्यांना गुडघे कुरकुरतात. मग पाय आपोआप हळू पडू लागतात.