साईडपट्टी

आधीच सांगतो, मी काही सायकलपटू वगैरे नाही. लॉकडाऊनमध्ये शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, गुडघा म्हणाला जमणार नाही. मग गिअरची सायकल घेतली. तेव्हापासून महिन्यातून एखादा लांबचा फेरा मारतो. ही पोस्ट खरं तर फोटो टाकायला लिहायला घेतली होती. फोटो राहिले बाजूला.

गेल्या महिन्यातला शनिवार. पहाटे साडेपाचला नांदेडहून निघालो. सिडको मागं टाकून उस्माननगरचा रस्ता धरला. कंधार, जांब, जळकोट करत उदगीरला मुक्काम, रविवारी लातूर, आणि तिथून सायकल एसटीच्या टपावर टाकून घरी, असा बेत.

मराठवाडा म्हणजे सपाट, असं बाहेरचे लोक म्हणतात आणि गाडीत बसून जाताना आपल्यालाही तेच वाटतं. सायकलवर बसलं की खरं काय ते कळतं. गोदाकाठचं नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडं वर, उदगीर आणि लातूर सहाशेच्या वर. म्हणजे अडीचशे मीटरचा फरक, आणि तोही एका दमात संपत नाही. चढा, मन्याडच्या खोऱ्यात उतरा, कमावलेली उंची सगळी घालवा, परत चढा. बालाघाट हप्त्या-हप्त्यानं वसूल करतो.

मातीही कळते. वर माळावर मुरूम आणि खडक, तिथं जुना रस्तासुद्धा टणक लागतो. उतरून काळीत आलं की डांबराला लाटा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर काहीही टाका, खालून ती हलतच राहते. इंजिनिअर हे पुस्तकात शिकतात, सायकलवाल्याच्या बुडाला आपोआप कळतं.

साडेआठला कंधार. किल्ला या वेळी बाहेरूनच पाहिला. हॉटेलात चहा घेताना एका मामांनी हेल्मेट बघून विचारलं, "कुठून यायलाव?"

"नांदेडहून."

"गाडी बंद पडली का?"

"नाही मामा, सायकलवरच निघालोय. उदगीरला."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैसे भेटतेत का याचे?"

नाही म्हटल्यावर चहाचे पैसे त्यांनीच दिले.

कंधारच्या पुढं रस्ता सुंदर आहे, यात वाद नाही. तूर शेंगांवर आलेली, हरभरा घाट्याला लागलेला, मधेच लाल कंधारीची एक जोडी, उन्हात तांब्यासारखी चमकणारी. जांबच्या अलीकडं वाहनं वाढली म्हणून एका गावातून जाणारा आतला रस्ता धरला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत अशी गावं शेकड्यानं आहेत.

साधारण अकरा वाजले असतील. उतार होता, सायकल सुटलेली. समोरून उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, आणि तिला ओव्हरटेक करत एक काळी-पिवळी जीप थेट माझ्या अंगावर. मी डावीकडं घेतलं. डावीकडं काही नव्हतंच. डांबर संपलं आणि चाक खाली गेलं, मी हँडलवरून बोराटीत.

फार लागलं नाही. कोपर सोलपटलं, पुढची रिंग वाकली. उठून बघतो तर शाळा सुटून येणाऱ्या तीन मुली सायकली धरून उभ्या. शनिवारची सकाळची शाळा.

"काका, लागलं का?"

"नाही गं, थोडंसं."

एकीनं बाटली उचलून दिली. दुसरी माझ्या सायकलीकडं बघत म्हणाली, "सायकल लई भारी हाय, पण पडलीच की." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

"इथं सगळेच पडतेत काका. आमी गाडी आली की उतरून उभं राहतो."

"आणि चढाला?"

"चढाला उतरूनच नेतो. आमाला कुठंयत गिअर."

नववीतल्या मुली. सायकली मानव विकासच्या. मागास ठरवलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना त्या योजनेतून सायकल मिळते, लांबच्यांसाठी एसटीच्या निळ्या बस आहेत. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत ग्रामीण भागात झालेल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी हे एक.

बोलता बोलता कळलं, या चौघी होत्या. चौथी मागच्या पावसाळ्यात इथंच ट्रॅक्टरला साईड देताना पडली आणि हात मोडला. हात बसला, पण घरच्यांनी शाळा बंद केली.

"मग तिची सायकल?"

"तिचे पप्पा नेतेत, दुधाला."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. मग तिघी निघून गेल्या.

मी तिथं बसून त्या कडेला हात लावून पाहिला. डांबराच्या वरच्या अंगापासून खालच्या मातीपर्यंत एक वीत भरली. माझी वीत आठ इंच आहे.

ही पायरी काही एका पावसात होत नाही. आपल्याकडं रस्ता नवा करायचा म्हणजे बहुतेक वेळा जुन्यावर नवा थर. दर वेळी रस्ता थोडा थोडा वर उचलतो. बाजूची माती तिथंच राहते, उलट पावसानं वाहून खाली जाते. असं चार वेळा झालं की कडेला पायरी तयार. आधार नसल्यानं डांबराची कड मोडते, रस्ता अरुंद होतो, अरुंद झाला म्हणून गाड्या मधोमध चालतात. मग समोरासमोर आल्यावर खाली कोण उतरणार? ज्याला हॉर्न नाही तो.

यावर इलाज म्हणजे साईडपट्टी. डांबराच्या उंचीइतका मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. मुरूम आपल्या माळावर हवा तेवढा आहे. ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, अंदाजपत्रकात ती वेगळी धरलेली असते. कागदावर पडलीय का आणि जाग्यावर पडलीय का, एवढंच बघा."

रविवारी उदगीरहून लातूरला गेलो. आष्टामोडला चौपदरी लागला. चढ कापून मऊ केलेले, पांढऱ्या रेषेबाहेर सायकलीपुरती जागा, मजा आली म्हणायला हरकत नाही. पण त्याच जागेतून मोटारसायकली उलट्या दिशेनं येतात, कारण वळायला जागा लांब आहे. म्हणजे सगळा दोष रस्त्याचा नाही, आपलाही आहे. तो विषय परत कधीतरी.

नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला सायकलींचा देश आठवतो. पण तिथं १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, आणि वेगळे सायकल रस्ते वाढत गेले ते त्यानंतर. मी वेगळा रस्ता मागत नाही हो. वीतभर मुरूम मागतोय. सरकार मुलीला सायकल देतं आणि ती चालवायला जागा ठेवत नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. त्या रस्त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आज बारावा दिवस. दुसरं, मुलींच्या शाळेचा नंबर मिळवून मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "नाव अजून पटावर आहे सर. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो. वडील म्हणतात, रस्ता नीट होऊ द्या, मग बघू."

तुमच्या गावच्या रस्त्याची कड मोजून फोटो खाली टाका. बाजूला पट्टी किंवा वीत धरा, नाहीतर लोक म्हणतात फोटोत मोठं दिसतंय.

येत्या शनिवारी मी परत तिकडं चाललोय, टेप घेऊन. मुख्याध्यापक म्हणाले, सोबत या, त्यांच्या घरी जाऊन बसू. कुणाला यायचं असेल तर पहाटे साडेपाचला सिडकोत भेटा. गिअरची सायकल नसली तरी चालतंय, चढाला उतरून नेऊ.