आवाज वाढला, ओढ नाही

आमचं घर खोपटच्या एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. एसटी डेपोत वळताना ड्रायव्हर गिअर कमी करतो, त्या आवाजावरून बाबा अंथरुणातून सांगायचे, "हिचा इंजेक्टर गेलाय." आता सांगत नाहीत. त्यांचा डावा कान जवळजवळ बंद झालाय. डॉक्टर एका कारणावर बोट ठेवत नाहीत. वय आहे, तीस वर्षं जनरेटरशेजारी उभं राहणं आहे. पण त्या तीस वर्षांतली शेवटची सहा वर्षं एका कापलेल्या सायलेन्सरचीही आहेत, आणि तो कापायला होकार मी दिला होता.

आमचा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. लग्नाचे हॉल, गणपती, नवरात्रीतले मंडप. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, आणि ट्रॉली पिकअपच्या मागे हुकाला. ठाण्यात फिरायचं तर काही अडचण नाही. पण घोडबंदर रोडने पुढे काम निघालं की गायमुखचा घाट लागतो. तिथे आमची जुनी पिकअप दम टाकायची. मागून हॉर्न, शेजारून ट्रेलर, आणि दादा सेकंडवर घाम पुसत.

एका मेस्त्रीकाकांनी उपाय सुचवला. "आतली जाळी काढून सरळ पाइप टाकू. गाडीला मोकळा श्वास मिळेल, बघ कशी ओढते." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकतेस ना हे? सांग." मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात पहिल्यांदाच माझं मत कुणी विचारत होतं. मी ऐटीत म्हणाले, "बॅक प्रेशर कमी होईल. करा."

पहिल्या दिवशी गाडी गल्लीतून निघाली तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरली. दादा खूश. "काय पिकअप आलाय!" बाबा पण खूश. मलाही वाटलं, खरंच पळतेय.

मग मी एक आगाऊपणा केला. ट्रॉली लावून गायमुखला जाताना दर वेळी घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजायला लागले. पाइप बदलण्याआधीच्या तीन फेऱ्या सहज म्हणून वहीत लिहिलेल्या होत्याच. नंतरच्या पाच लिहिल्या. फरक दोन-चार सेकंदांचा, तोही कधी इकडे, कधी तिकडे. आवाज दुप्पट झाला होता, घाट तेवढाच लागत होता.

तेव्हा पहिल्यांदा नीट हिशोब केला. गाडी आणि ट्रॉली मिळून साडेतीन टन. वीस मीटरला एक मीटर चढ धरा, वेग ताशी ३० किलोमीटर. वजन वर न्यायला साधारण १४ किलोवॉट, टायरचं घर्षण चार-साडेचार. सगळं मिळून २५ अश्वशक्तीच्या आसपास. अशा पिकअपचं इंजिन ७५च्या घरातलं असतं. म्हणजे ताकद कमी नव्हतीच. दादा थर्ड सोडायला उशीर करायचा, फेरे हजाराच्या खाली यायचे, तिथे टर्बो पुरेशी हवा देत नाही. मग इंजिन घरघरणारच. सेकंड वेळेवर टाकला असता तर पाइप न कापताही घाट चढला असता.

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती किती डिझेल जाळलं यावर. पंप किंवा ईसीयू जेवढं डिझेल सोडतो तेवढंच जळणार. मागची नळी रुंद केली म्हणून पुढून जास्त इंधन येत नाही. मोकळ्या एक्झॉस्टने टर्बो थोडा लवकर फिरतो, हे खरं. पण त्याचा खरा फायदा हवा असेल तर डिझेलही वाढवावं लागतं. आणि डिझेल वाढवलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं. रिकाम्या गाडीला ते काही क्षण सोसतं. मागे ट्रॉली असताना लांबच्या चढावर पाय सतत दाबलेला असतो, तेव्हा ती उष्णता टर्बो आणि पिस्टनवर निघते.

हे सगळं कळूनही मी गप्प बसले. मतं द्यायला आवडतात, मागे घ्यायला नाही. सायलेन्सर तसाच राहिला. बाबा त्या केबिनमध्ये बसत राहिले.

२०२१ साली आम्ही बीएस सहाची पिकअप घेतली. १ एप्रिल २०२० पासून देशभर हाच नियम. या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी पकडणारी गाळणी. गाळणी भरली की गाडी ती सहाशे अंशांच्या आसपास तापवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने पळावं लागतं. आमची गाडी कुठे पळणार? खोपट ते टेंभीनाका, टेंभीनाका ते खोपट.

गेल्या वर्षी नवरात्रीच्या चार दिवस आधी दिवा लागला. गाडी ओढेना. दादा म्हणाला, "एक जण डीपीएफ पोकळ करून प्रोग्रॅम मारून देतो. संध्याकाळी गाडी हातात. पीयूसीलाही कळत नाही." तेही खोटं नव्हतं. पीयूसीच्या यंत्राला धुराचा काळेपणा दिसतो, त्यातले अतिबारीक कण नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० साली अंदाज दिला होता, की तिथे दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअपची अशी उपकरणं काढली गेली. म्हणजे हा मोह आमच्या गल्लीपुरता नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल बेकायदा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो.

पण दादाला मी कायदा सांगितला नाही. जुनी वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. आधीच्या तीन फेऱ्या, नंतरच्या पाच. त्याने दोनदा वाचल्या.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला नेली. दोष सापडला तो भलत्याच जागी. टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणारा रबरी पाइप क्लॅम्पजवळ चिरला होता. हवा वाटेत गळत होती, डिझेल अर्धवट जळत होतं, काजळी जास्त होत होती आणि गाळणी तुंबत होती. डीपीएफ कापला असता तर दिवा विझला असता, चीर राहिली असती. पाइप बदलला, स्कॅनर लावून गाळणी जाळून साफ केली. दोन दिवस गेले, एका मंडळाची ऑर्डर हातची गेली. ते नुकसान झालंच.

आता दादा दर रविवारी पहाटे रिकामी गाडी नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत पळवून आणतो. मी कधी कधी सोबत जाते.

परत येतो तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून, उजवा कान रस्त्याकडे करून बसलेले असतात. गाडी अगदी समोर येऊन थांबते तरी त्यांना कळत नाही. मी खांद्याला हात लावते.

"आलात? आवाजच नाही आला."

"नाही येत, बाबा. आता तशीच आहे ती."