मागची दोन चाके

मोटरसायकलीला शेपूट असू नये, असा एक अलिखित संकेत आहे. घोड्याला शेपूट शोभते, वानराला ते उपयोगी पडते. परंतु ज्या यंत्राचा सारा अभिमान त्याच्या सुटसुटीतपणात आहे, त्याच्यामागे लहानशी गाडी बांधून ती ओढीत नेणे पाहणाऱ्याला विपरीत वाटते. त्यातून ते यंत्र 'स्पोर्ट टूरर' या जातीचे असले म्हणजे विचारूच नका. ही जात अर्धी शर्यतीची, अर्धी प्रवासाची. १९७६ साली बीएमडब्ल्यू कंपनीने 'आर १०० आरएस' ही मोटरसायकल कारखान्यातूनच पूर्ण वाराकवच चढवून बाहेर काढली, तेव्हापासून या जातीला रूप आले असे जाणकार सांगतात. किंचित वाकून बसावे, वाऱ्याला खांद्यावरून जाऊ द्यावे आणि दिवसाकाठी पाचसहाशे किलोमीटर अंग न आंबता तोडावे, हा तिचा धर्म. कित्येक कंपन्या आपल्या माहितीपुस्तकात मागे गाडी जोडू नका असे स्पष्ट बजावतात. आमच्या पुस्तकात असा निषेध नव्हता. होते ते केवळ मौन, आणि मौनाचा अर्थ संमती असा घेण्याची आपल्याकडे परंपराच आहे.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. या उद्योगात एकवचन वापरण्याची सोयच उरली नव्हती.

त्याचे झाले असे. पोलाद कारखान्यातील नोकरी संपली, आणि रुआबांध्याचे क्वार्टर सोडून नागपुरास धाकट्या भावाच्या शेजारी जाऊन राहावयाचे ठरले. रुआबांधा म्हणजे भिलाईच्या वसाहतीचा मरोद्याच्या तळ्याकडचा भाग. पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध असलेली मैत्री बाग येथून हाकेच्या अंतरावर. घरचे बहुतेक सामान ट्रकने जाणार होते. प्रश्न होता तो वडिलांच्या ट्रंकेचा. जाड पत्र्याची, हिरव्या रंगाची ही ट्रंक वडिलांनी १९५६ च्या उन्हाळ्यात नागपुरात घेतली आणि झाकणावर पांढऱ्या रंगात आपल्या नावाखाली 'नागपूर, म. प्र.' असे रंगवून घेतले. तेव्हा ते बरोबरच होते. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. सोव्हिएत सरकारशी भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, त्या वेळी भिलाई आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, भिलाई मध्य प्रदेशातच राहिली, आणि जी मराठी माणसे त्याआधीच इकडे येऊन बसली होती ती एक पाऊल न उचलता परप्रांतीय ठरली. वडील पुढच्या वर्षी आले. त्यांनी ट्रंकेवर दुसरी ओळ रंगविली : 'भिलाई, जि. दुर्ग, म. प्र.' राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या गर्दीत आपण होतो असे ते अखेरपर्यंत सांगत. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि दुसरी ओळही खोटी पडली. दोन्ही वेळा महिना तोच, तारीखही तीच. पंचांगात या दिवसाला काही नाव असावयास हवे होते.

या ट्रंकेत वडिलांची कागदपत्रे, आईचे देव आणि चाळीसेक जुने मराठी मासिकांचे अंक. मंडळींचे म्हणणे दोन वाक्यांचे होते. "ट्रंक ट्रकने जाणार नाही. आणि मी आगगाडीने जाणार नाही."

दुसऱ्या वाक्याचे मर्म सांगावयास हवे. गेली तीस वर्षे कोठेही जावयाचे तर दोघांनी एकाच मोटरसायकलीवरून जावयाचे, असा आमचा रिवाज. आता मंडळींची पाठ कुरकुरते. पाठीवर पिशवी चालत नाही, आणि मागे उंच पेटी बसविली तर चढता-उतरताना पाय टाकवत नाही. तेव्हा ओझे गाडीवरून खाली उतरले तरच त्या गाडीवर बसू शकत होत्या. नाही तर आम्ही एकटे रस्त्याने आणि त्या एकट्या डब्यात, अशी वाटणी होणार. आणि या वयात एकदा पडलेली वाटणी पुन्हा एकत्र होत नाही, हे आम्ही आजूबाजूच्या घरांतून पाहिले होते.

भिलाईत लोखंडाला आणि ते जोडणाऱ्यांना तोटा नाही. ज्या मिस्त्रीकडे गेलो त्याने मोटरसायकल पाहिली, कागदावरचे चित्र पाहिले आणि हळहळून म्हणाला, "साहेब, घोड्याला नांगर जुंपताय!" परंतु कामात तो चोख निघाला. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, जुन्या स्कूटरची दहा इंची दोन चाके, पत्र्याची पेटी, पुढे लांब दांडा. रिकामे वजन चाळीस किलो, भरल्यावर शंभर. सारी मेख मात्र जोडात होती. मोटरसायकल वळणावर कलते, हेच तिचे चालणे. मागची दोनचाकी गाडी कलू शकत नाही. म्हणून मधला जोड असा हवा की तो डावी-उजवीकडे वळेल, वर-खाली झुलेल, आणि शिवाय दांड्याभोवती स्वतः फिरेल. म्हणजे पुढची गाडी खुशाल कलावी, मागचीने ताठ उभे राहावे, आणि दोघींनी एकमेकींना ओढू नये. हा तिसरा फिरकीचा सांधा नसेल तर वळणावर एक दुसरीला पाडते. कागदोपत्री मागची गाडी ही स्वतंत्र वाहन ठरते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तिची व्याख्याच आहे. त्या कागदांची कथा वेगळी आणि तिचा रसही वेगळा, म्हणून ती येथे नको.

ओझे भरणे हे मात्र आम्ही मिस्त्रीपेक्षा आमच्या आजोबांच्या बैलगाडीवरून अधिक शिकलो. बैलगाडी मागे जड झाली की जू वर उचलले जाते. गाडी 'उलाळ' झाली म्हणतात. पुढे फार जड झाली तर ती 'धुरजड', आणि बैलांच्या मानेला काच बसतो. मोटरसायकलीच्या ट्रेलरचे शास्त्र यापरते निराळे नाही. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा दांड्याच्या टोकावर यावा. त्याहून फार कमी आला तर वेगात मागची गाडी साप वळवळावा तशी डोलू लागते आणि ते डोलणे पुढच्या चाकापर्यंत पोहोचते. फार अधिक आला तर मोटरसायकलीचे पुढचे चाक हलके होते व हँडल ऐकेनासे होते. रद्दीवाल्याकडून लटकता काटा आणला, दांडा त्याला टांगला. ट्रंक चार बोटे पुढे, दोन बोटे मागे असे करता करता काटा दहा किलोंवर आला, तेव्हा पट्टे आवळले. एवढ्या आधुनिक यंत्राचा तोल अखेर रद्दीच्या काट्यावर ठरला, याचे मंडळींना फार कौतुक वाटले.

मग पंधरा दिवस रुआबांध्याच्या रस्त्यांवर पहाटे सराव. पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. मोटरसायकल ही एका रेषेवर जगणारी वस्तू आहे. रस्त्यात कितीही खड्डे असोत, दोन खड्ड्यांमधून वीतभर वाट मिळाली की तिचे भागते. ट्रेलर जोडला की त्या एका रेषेच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन रेषा येतात. पुढची दोन्ही चाके खड्डा चुकवून ऐटीत जातात, आणि मागून 'धडाम' असा आवाज येतो : डावे चाक एका खड्ड्यात, उजवे दुसऱ्यात. म्हणजे आता खड्डा चुकविण्याऐवजी कधी कधी तो मधोमध घ्यावा लागतो. आपण धक्का खावा, म्हणजे मागची दोघे सपाटीवरून जातात. तीस वर्षांची सवय उलटी करावी लागली. गतिरोधकावर दोन ठोके ऐकण्याची सवय असलेल्या कानांना तिसरा ठोका ऐकेपर्यंत वेग वाढवावयाचा नाही, हे शिकावे लागले. वळताना मागची चाके आतल्या अंगाने येतात, म्हणून कोपरा रुंद घ्यावयाचा. आणि मागे सरकणे? ते सोडूनच द्यावे. मोटरसायकलीला मागे जाण्याचा गिअर नसतो. पायांनी रेटू पाहावे तर दांडा नको त्या बाजूला दुमडतो. म्हणून थांबण्यापूर्वीच निघावे कसे याचा विचार करावयाचा. बाजारात हातगाडी मोटरसायकलीला बांधून नेणारी भाजीवाली पोरे हे सारे कोणत्याही पुस्तकाविना जाणतात. त्यांच्यापैकी एकाने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही त्याच्या धंद्यात उशिरा पडलो आहोत.

वाचकांना गंमत वाटेल, पण ही कल्पना नवी नाही, उलट फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात मोटरसायकलीमागे वेताची खुर्ची असलेली दोनचाकी गाडी जोडीत आणि तीत पत्नीस बसवीत. पुढच्याचा धूर व रस्त्याची धूळ तिच्या तोंडावर, आणि तिने हाक मारलेली याला ऐकू येत नाही. तो प्रकार फार काळ टिकला नाही. १९०३ च्या सुमारास बाजूला जोडावयाची गाडी, म्हणजे साइडकार निघाली आणि पत्नी शेजारी आली. हे आम्ही घरी वाचून दाखविले, तेव्हा मंडळी म्हणाल्या, "त्या बायका शहाण्या. मागे ट्रंक बसू दे."

यावरून आमच्याच राज्यातील एक गोष्ट आठवते. भिलाईच्या दक्षिणेस नारायणपूर जिल्ह्यात, जेथे जंगलातील पायवाटांवर मोठी रुग्णवाहिका पोहोचत नाही, तेथे २०१४ पासून मोटरसायकल-रुग्णवाहिका चालविल्या गेल्या. साथी नावाची सेवाभावी संस्था त्या चालवी. गरोदर स्त्रियांना आडवे होता येईल अशी शय्या त्या मोटरसायकलींना बसविलेली; पण ती मागे नव्हे, बाजूला. मागे ओढलेली गाडी अरुंद वाटेवर कमी जागा घेते, जोडावयास सोपी आणि सोडावयास सोपी. असे असूनही ती शय्या बाजूला आली. याचे कारण आम्हांस तरी एकच दिसते : कळा येत असलेली बाई दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे. मागची वस्तू दिसत नाही, हाच या साऱ्या प्रकारातला खरा दोष. आणि त्यावर कोणताही मिस्त्री सांधा बसवून देऊ शकत नाही.

निघालो तो डिसेंबरातला दिवस होता. दुर्गपर्यंत, आणि पुढे राजनांदगावपर्यंतही, हा रस्ता लोकांच्या तोंडी अजून 'जी. ई. रोड', म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. सरकारी दप्तरात पूर्वीचा महामार्ग ६, आताचा ५३. शिवनाथ नदी ओलांडली. वेग सत्तर ठेवला होता. इंजिनाला ते अपमानास्पद वाटत असावे. परंतु वेग दीडपट झाला की थोपविण्याची शक्ती सव्वादोनपट लागते, आणि आमच्या मागच्या चाकांना ब्रेक नव्हते. शिवाय ती चाके लहान. मोटरसायकलीचे चाक एकदा फिरते तेव्हा ती दीडदा फिरतात. म्हणून दर तासाला थांबून त्यांच्या तुंब्यांना हात लावून पाहावयाचा. कोमट असल्या तर ठीक, हात ठेववत नसेल तर आतल्या बेअरिंगांचे काही खरे नाही.

पहिला हात लावला तो राजनांदगावी. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून येथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत, आणि १९६४ मध्ये गेले. मातृभाषा मराठी, पण लिहिले ते हिंदीत, आणि त्या भाषेतले मोठे कवी झाले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, नागपुरास. दोघा भावांमधला हाच रस्ता. ट्रंकेतल्या जुन्या अंकांत शरच्चंद्रांचे नाव असलेला एक अंक आहे, हे मंडळींना ठाऊक होते, आम्हांस नव्हते.

आरशांत ट्रेलर दिसत नव्हता. तो इतका अरुंद केला होता की तो आमच्या पाठीमागे पूर्ण लपे. त्यामुळे मंडळींकडे एक नवे काम आले. ट्रक ओलांडून गेला, की त्याच्या वाऱ्याने मागची गाडी किंचित हलल्याचे आसनातून कळे. मग आम्ही विचारावे, "आहे का?" त्यांनी मान वळवून पाहावे आणि शिरस्त्राणावर टिचकी मारून सांगावे, "आहे." तीस वर्षे या बाईंनी आमच्या मागे बसून आमच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहिला होता. आता त्या मागे पाहत होत्या. चिचोल्याच्या पुढे, बागनदीच्या अलीकडे, प्रश्न विचारण्यापूर्वीच टिचकी येऊ लागली. एकदा बराच वेळ टिचकी आली नाही. आम्ही वेग कमी करून विचारले, "काय झाले?" म्हणाल्या, "काही नाही. भिलाईकडचा रस्ता दिसतोय, तो पाहतेय."

सीमा ओलांडली आणि दुकानांच्या पाट्या मराठी झाल्या. एका टोलनाक्यावर दुचाकींच्या बारक्या वाटेपाशी तेथल्या पोराने हात आडवा केला. "साहब, ये दोपहिया है कि चारपहिया?" प्रश्न मार्मिक होता. मंडळींनी मागूनच उत्तर दिले, "दोन अधिक दोन. बेरीज करू नकोस, बाळा." तो मराठीच निघाला, हसला, आणि त्याने वाट मोकळी केली. देवरी, साकोली, लाखनी, भंडाऱ्याजवळ वैनगंगा, आणि ऊन उतरता उतरता नागपूर.

भावाच्या घराचे फाटक गल्लीच्या टोकाला. तेथे वळावयास जागा नाही, आणि मागे जाणे तर आमच्या नशिबीच नाही. खीळ काढली, साखळ्या सोडल्या. भाऊ धावत आला. "दादा, थांबा, तुम्ही नका ओढू, वहिनी, तुम्ही आधी बसा," असे म्हणत त्याने दांडा धरला, मंडळी काही बसल्या नाहीत, आणि तिघांनी मिळून ती गाडी हाताने अंगणात घेतली. पेटी उघडली. ट्रंक जागची हललेली नव्हती.

भावाची नात दुसरीत आहे. नवे वाचावयास शिकलेली मुले भिंतीवरचे, डब्यावरचे, सारेच वाचतात. तिने झाकणावर बोट फिरवीत पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, पेंटरनी चुकवलंय. नागपूर काय म. प्र. मध्ये असतं?"

"होतं," आम्ही म्हणालो.

ती दुसरी ओळ वाचू लागली.